दांडिया बाजारातला रोमिओ-ज्युलिएटचा वाचनवर्ग : सहा रविवार छान गेले, पण आरोपींच्या यादीत दाईचं नावच नव्हतं

मे-जूनमधले सहा रविवार मी आणि माझी लेक बडोद्याच्या दांडिया बाजारात एका वाचनवर्गाला जात होतो, त्याबद्दल लिहिते लिहिते म्हणत राहूनच गेलं होतं, आज बसलेय. आधी कामाचं सांगून टाकते. फी माणशी दीड हजार, शाळा-कॉलेजच्या मुलांना आठशे, वेळ सकाळी दहा ते साडेबारा. एकच नाटक, शेक्सपिअरचं रोमिओ आणि ज्युलिएट, पाच रविवारी पाच अंक आणि सहाव्या रविवारी खटला, म्हणजे ह्या दोन पोरांच्या मरणाला जबाबदार कोण ते सगळ्या वर्गाने मिळून ठरवायचं. वर्गाचं आणि सरांचं नाव लिहीत नाहीये कारण पुढे तक्रारही केलीय, ज्यांना खरंच जायचंय त्यांनी विचारा, सांगते. आणि जावं का असं विचाराल तर हो, जावंच, दहावी-बारावीची मुलं घरात असतील तर त्यांना घेऊन जावं.

जागा म्हणजे जुन्या वाड्याचा वरचा मजला आहे, जिना अरुंद आणि चांगलाच उभा, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधी फोन करून विचारावं, आमच्या बॅचला एक आजोबा होते त्यांना दोघं जण हाताला धरून चढवायचे. गाडी खाली लावायला जागा नाही, आम्ही सूरसागर तलावाच्या बाजूला लावून चालत यायचो. एसी नाही, दोन पंखे, आणि मेमधलं बडोद्याचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे पाण्याची बाटली आपली आपण न्यायची. अकरा वाजता चहा मिळतो, आलं घातलेला, चांगला असतो. सुटल्यावर सगळे मिळून सेव उसळ खायला जायचे आणि अर्धा वाद तिथे उभ्यानेच व्हायचा, तो फीमध्ये धरलेला नाही पण मला विचाराल तर तोही वर्गच होता.

सरांची शिकवायची पद्धत मला फार आवडली. मूळ इंग्रजी उतारा आधी ते स्वतः मोठ्याने वाचतात, घाई न करता, मग त्याचं त्यांनीच केलेलं साधं बोलकं मराठी वाचतात, आणि मग एकच प्रश्न टाकून गप्प बसतात. भाषण देत नाहीत. आमच्या बॅचमध्ये बावीस जण होते, बँकेतून रिटायर झालेले काका, दोन शिक्षिका, इंजिनिअरिंगची तीन-चार मुलं, घरकाम करणाऱ्या एक मावशी ज्यांच्या मालकिणीने त्यांची फी भरली होती, आणि त्या सगळ्यात जास्त बोलायच्या आणि नेमकं बोलायच्या.

पहिल्याच दिवशी सरांनी फळ्यावर वारांची नावं लिहिली, रविवार ते गुरुवार, आणि ती सहा आठवडे पुसली नाहीत. रविवारी सकाळी दोघांच्या वैरी घराण्यांची रस्त्यावर मारामारी, रात्री कॅप्युलेटकडे, म्हणजे ज्युलिएटच्या वडिलांकडे मेजवानी आणि दोघांची भेट. सोमवारी दुपारी लग्न, आणि लगेच तासाभरात रोमिओचा मित्र मर्क्युशिओ मेला, ज्युलिएटचा चुलत-मामेभाऊ टिबॉल्ट मेला, रोमिओला हद्दपारी. मंगळवारी पहाटे रोमिओ मँटुआ ह्या दुसऱ्या गावाला निघाला, त्याच सकाळी ज्युलिएटला आईने येऊन सांगितलं की गुरुवारी तुझं पॅरिस नावाच्या सरदाराशी लग्न. मंगळवारी रात्री ज्युलिएटने मेल्यासारखं झोपवणारं औषध घेतलं, बुधवारी सकाळी रडारड, गुरुवारी उजाडायच्या आत दोघंही गेली. संपलं. मी कॉलेजात असताना हे नाटक वाचलेलं आहे आणि माझ्या डोक्यात ती चार-सहा महिन्यांची प्रेमकथा होती. सर म्हणाले तुमचंही अगदी चुकीचं नाही, शेक्सपिअरने ज्याच्यावरून गोष्ट घेतली त्या आर्थर ब्रुकच्या १५६२ च्या दीर्घ कवितेत हे प्रकरण महिनोन् महिने चालतं, शेक्सपिअरने ते चार-पाच दिवसांत कोंबलं आणि मुलीचं वयही सोळाच्या आसपास होतं ते चौदा पूर्ण व्हायला पंधरा-एक दिवस कमी इतकं खाली आणलं. फळ्याकडे बघत हे ऐकलं ना की जबाबदारीचा प्रश्नच वेगळा दिसायला लागतो, कारण मग कोणाहीकडे विचार करायला एक रात्रसुद्धा नव्हती, आणि ज्यांच्याकडे वयाचा अनुभव होता त्यांनी ती रात्र मागून घ्यायला हवी होती.

वयावरून बराच वेळ बोलणं झालं. ज्युलिएटची आई तिला म्हणते की तुझ्या वयात मी तुझी आई झाले होते, ह्यावर एका काकांनी सांगितलं की आपल्या बडोदा संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०४ सालीच बालविवाह रोखणारा कायदा केला होता, आणि ते ज्या तऱ्हेने बोलले त्यावरून लक्षात आलं की त्यांच्या घरात कोणाचं तरी तसं लग्न झालेलं असणार. माझी लेक पंधराची आहे. ज्युलिएट तिच्यापेक्षा लहान आहे हे मला माहीत होतं, पण शेजारी लेक बसलेली असताना ते ऐकणं वेगळं.

आता दाईबद्दल, म्हणजे ज्युलिएटला तान्ही असल्यापासून सांभाळणाऱ्या बाईबद्दल, कारण मला मुख्य तेच लिहायचंय. पहिल्या अंकातच ती येते आणि बोलत सुटते, ज्युलिएटचा वाढदिवस कधी, भूकंप झाला त्याला अकरा वर्षं झाली, त्याच दिवशी मी हिचं दूध तोडलं, छातीला कडू वनस्पती लावली होती, पोरीने तोंड वाकडं केलं. वर्गातल्या बायका हसल्या कारण आपल्याकडेही कडुनिंबाचा पाला वाटून लावतातच. पण सरांनी दोन गोष्टी दाखवल्या ज्या माझ्या कधी लक्षात आल्या नव्हत्या. एक म्हणजे त्या दिवशी आई-बाप घरी नव्हतेच, मँटुआला गेले होते, दूध तोडायला आणि रडणारं पोर सांभाळायला ही एकटी. दुसरी म्हणजे तिची स्वतःची मुलगी होती, सुसान, ज्युलिएटच्याच वयाची, ती गेली. म्हणजे स्वतःच्या पोरीचं दूध ह्या पोरीला पाजून वाढवलेली बाई आहे ही. नाटकात ज्युलिएटला आई म्हणून जे काही मिळतं ते हिच्याकडून. दुसऱ्या अंकात रोमिओचा निरोप आणायला हीच जाते, लग्नाचा निरोप हीच आणते, पुढे दोरीची शिडीही हीच आणते.

दर रविवारी आमचा आरोपी बदलायचा. पहिल्या दिवशी सगळे टिबॉल्टच्या मागे, दुसऱ्या दिवशी रोमिओच्या, की काल रोझलिन नावाच्या दुसऱ्याच मुलीसाठी रडत होता आणि आज लग्न. तिसऱ्या रविवारी मर्क्युशिओ मेला तेव्हा इंजिनिअरिंगच्या एका मुलाने व्हेरोनाच्या, म्हणजे त्यांच्या गावाच्या, राजाला धरलं, तो म्हणाला आधी तीन वेळा मारामाऱ्या झाल्या, पहिल्या अंकात राजा म्हणतो पुन्हा झाली तर जीव घेईन, आणि झाली तेव्हा हद्दपारीवर भागवलं, मग धाक कसा राहणार. आणि हे राजाला शेवटी पटतंच, तो थडग्यापाशी कबूल करतो की तुमच्या भांडणाकडे मी डोळेझाक केली आणि माझेही दोन नातेवाईक गमावले. हा मुद्दा चांगला होता, पण राजाला ह्या लग्नाचं काही माहीत नव्हतं ना. कॅप्युलेटलाही नव्हतं. तिथेच माझ्या मनात ते यायला लागलं होतं की आरोपींचे दोन गट करायला हवेत, माहीत नसलेले आणि माहीत असलेले.

तिसऱ्या रविवारचा शेवटचा अर्धा तास हा माझ्या दृष्टीने सगळ्या वर्गाचा कळस होता. तिसऱ्या अंकाचा पाचवा प्रवेश. ज्युलिएट पॅरिसशी लग्नाला नाही म्हणते. ह्याच बापाने पहिल्या अंकात पॅरिसला सांगितलेलं असतं की पोरीच्या होकाराशिवाय माझ्या होकाराला अर्थ नाही, अजून दोन उन्हाळे जाऊ देत. आणि आता तो म्हणतो फाशी घे, भीक माग, उपाशी मर, रस्त्यात मर. आणि त्या वेळी घरात त्याला उलटून बोलणारी पहिली कोण, तर दाई. ती म्हणते, तुम्ही पोरीला असं बोलताय ही तुमची चूक आहे मालक. नोकर बाई मालकाच्या तोंडावर असं म्हणते. तो तिला झिडकारतो, तू जा तुझ्या बायकांत गप्पा मार म्हणतो. सर इथे थांबले आणि त्यांनी विचारलं, हिने सगळं सांगितलं, काय नाही सांगितलं? खोलीत कोणी बोलेना. मग त्या घरकामवाल्या मावशी म्हणाल्या, लग्न झालंय हे नाही सांगितलं.

बाप जातो, आई सुद्धा माझ्याशी बोलू नकोस म्हणून निघून जाते. मग ज्युलिएट दाईकडे वळते, मला धीर दे, काहीतरी सांग, आनंदाचा एक शब्दही नाही का तुझ्याकडे. आणि दाई म्हणते, माझं ऐक, पॅरिसशी लग्न कर. काय देखणा माणूस आहे, त्याच्यापुढे रोमिओ म्हणजे भांडी पुसायचं फडकं. तुझा पहिला नवरा मेलाय असंच समज, जिवंत असून तुझ्या उपयोगाचा नाही. ज्युलिएट विचारते, मनापासून बोलतेयस? ती म्हणते, मनापासून आणि आत्म्यापासून. मग ज्युलिएट अगदी शांतपणे म्हणते, छान धीर दिलास हं मला. आणि दाई बाहेर गेल्यावर ती स्वतःशी ठरवते की आजपासून माझ्या मनातलं हिला कळणार नाही.

सरांनी हे वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले आणि मी खिडकीकडे बघत राहिले, का ते लिहिते. १९९४ साली माझ्या मावसबहिणीचं लग्न अकरा दिवसांत ठरून अकरा दिवसांत झालं. ती वीस वर्षांची, मी एकोणीस. तिचं कॉलेजातल्या एका मुलावर होतं, हे घरात फक्त मला माहीत होतं, चिठ्ठ्या मीच न्यायचे-आणायचे, रावपुऱ्यातल्या एका स्टेशनरीच्या दुकानात आम्ही उभ्या राहायचो आणि तो यायचा. लग्न ठरलं त्या रात्री गच्चीवर गाद्या टाकल्या होत्या, सगळे झोपल्यावर तिने मला हलवून उठवलं आणि म्हणाली तू काकांना सांगशील का, माझी हिंमत होत नाही. मी म्हणाले, अगं स्थळ चांगलं आहे, मुलगा बँकेत आहे, दिसायला छान आहे, तो काय, त्याचं अजून शिक्षणही झालेलं नाही, विसरशील तू. मला खरंच तिचं भलं व्हावं असंच वाटत होतं. ती फक्त बरं म्हणाली आणि कूस बदलून झोपली. ती सुखात आहे, नाशिकला असते, दोन मुलं आहेत, आमचं येणं-जाणंही आहे. पण त्या रात्रीनंतर तिने मला तिच्या मनातलं आजपर्यंत काही सांगितलेलं नाही, तीस वर्षं झाली, आणि ते का हे मला त्या माडीवर बसून शेक्सपिअर ऐकताना कळलं. म्हणून दाईचा विषय निघाला की मला त्यावरून पुढे जाता येत नाही.

चौथा रविवार मात्र फिका गेला. सरांना कुठेतरी जायचं होतं, अंक दीड तासात उरकला. त्यात झेरॉक्सचा घोळ. हँडआऊट आधीच पुसट असतात, चष्मा लावूनही र आणि न कळत नाही, आणि त्या दिवशी सगळ्यांच्या गठ्ठ्यातलं एक पान गायब होतं. दुसऱ्या दिवशी मी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतून पुस्तक आणून ते पान काढलं, तर ते नेमकं चौथ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशाचं, ज्यात ज्युलिएट औषध घ्यायच्या आधी एकटी आहे. तिने आईला आणि दाईला खोलीबाहेर घालवलंय. मग तिला भीती वाटते, अंगात गार शिरशिरी येते, म्हणते परत बोलावते त्यांना. आणि हाक मारते, दाई! आणि स्वतःच म्हणते, ती इथे येऊन काय करणार, हे मला एकटीलाच करायचंय. एवढी एक हाक आहे. ती हाक पूर्ण वर्गाने ऐकलीच नाही, कारण पान छापायचं राहिलं. मी हे सरांना फोन करून सांगितलं, त्यांनी पाचव्या रविवारी पहिली दहा मिनिटं ते पान वाचलं, माफीही मागितली, पण ज्या क्रमाने ते यायला हवं होतं तसं आलं नाही.

पाचवा अंक पुन्हा जोरात. त्या आधी ते बेचाळीस तासांचं सांगते कारण त्यावर सेव उसळच्या गाडीवर बोटं मोजून मोजून भांडण झालं. पाद्रीबाबा, म्हणजे हे लग्न लावणारा फ्रायर लॉरेन्स, ज्युलिएटला सांगतो की औषधाचा असर बेचाळीस तास राहील. ती मंगळवारी रात्री घेते. रात्री दहा धरा, बेचाळीस तास म्हणजे गुरुवारी दुपारी चार. आणि नाटकात ती गुरुवारी उजाडायच्या आतच उठते. हिशेब बसत नाही, कसाही केला तरी बसत नाही. काका म्हणाले शेक्सपिअर चुकला, सर म्हणाले असेल, पण प्रेक्षागृहात बसलेला माणूस तास मोजत नाही, त्याला फक्त उशीर होतोय हे कळतं.

पाद्रीबाबावरचा सगळ्यात चांगला मुद्दा त्याच इंजिनिअरिंगच्या मुलाने काढला. तिसऱ्या अंकात पाद्री रोमिओला स्पष्ट सांगतो की तू मँटुआला राहा, इकडची खबर मी तुझ्या नोकराच्या हाती पाठवत जाईन. तो नोकर म्हणजे बाल्थझार. आणि औषधाचा बेत ठरल्यावर पाद्री रोमिओसाठीचं पत्र देतो फ्रायर जॉनकडे, दुसऱ्याच माणसाकडे. जॉन आपल्या सोबतीला एक धर्मबंधू शोधायला जातो, तो आजाऱ्यांना भेटत असतो, शहराच्या तपासनिसांना संशय येतो की हे घर साथीचं आहे, आणि ते दोघांना आत घालून दाराला सील ठोकतात. २०२० मध्ये आपल्या गल्ल्यांना बांबू लागले होते ते आठवून सगळे गप्प झाले. म्हणजे जॉन व्हेरोनाच्या बाहेरच पडला नाही, आणि बाल्थझार मात्र ज्युलिएट मेल्याची खबर घेऊन घोड्यावरून मँटुआला पोचलासुद्धा. ठरल्याप्रमाणे बाल्थझारला पत्र दिलं असतं तर? मुलगा म्हणाला, मॅडम, बॅकअपच नाही, एक पत्र, एक माणूस, आणि त्याचं पुढे काय झालं हे विचारायचंसुद्धा नाही. मर्क्युशिओ मरताना दोन्ही घराण्यांना साथ येवो म्हणून शाप देतो, आणि पुढे पत्र अडतं ते खरोखरच्या साथीमुळे, हे सरांनी सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला.

आणि रोमिओ. बाल्थझार येतो तेव्हा तो त्याला दोनदा विचारतो, पाद्रीबाबांचं पत्र आहे का. दोनदा. नाही म्हटल्यावर म्हणतो असू दे, तू जा. पत्र येणार होतं हे त्याच्या डोक्यात होतं, तरी तो एक रात्र थांबला नाही, सरळ औषधवाल्याकडे गेला, चाळीस डुकाट देऊन विष घेतलं. तो औषधवाला म्हणतो माझी गरिबी हो म्हणतेय, मी नाही. घरकामवाल्या मावशी म्हणाल्या ह्याला माझ्याकडून माफ, आणि कोणी त्यांना विरोध केला नाही. थडग्यात रोमिओ बघतो की हिच्या ओठांवर, गालांवर अजून लाली आहे, आणि त्याला ते कळत नाही. माझी लेक तिथे पुटपुटली, अरे उठतेय ती. इतक्या हळू की फक्त मला ऐकू आलं.

मग ज्युलिएट उठते, पाद्रीबाबा तिथे असतो, तो म्हणतो चल, तुला जोगिणींच्या मठात ठेवतो, आणि पहारेकऱ्यांचा आवाज आल्यावर म्हणतो मला आता इथे थांबायची हिंमत नाही. आणि जातो. तेरा वर्षांच्या पोरीला नवऱ्याच्या प्रेताजवळ आणि खंजिराजवळ एकटं सोडून जातो. इथे मला त्याचा इतका राग आला की त्याच्या आधीच्या सगळ्या चांगल्या हेतूंचं, की ह्या लग्नाने दोन घराण्यांचं वैर मिटेल वगैरे, मला काही वाटेनासं झालं. हेतू चांगला होता मान्य, पण त्या क्षणी थांबायचं होतं बाबा, दोन मिनिटं थांबायचं होतं.

आता सहावा रविवार आणि माझी खरी तक्रार. खटला म्हणजे आम्हाला वाटलं होतं दोन-अडीच तास वाद होईल, कोणी वकील होईल. झालं असं की पहिला दीड तास सरांनी आधीच्या पाच रविवारांची उजळणी घेतली, छान घेतली पण आम्हाला ती नको होती, आणि मग एक छापील कागद वाटला, त्यावर सहा नावं, पाद्री, कॅप्युलेट, टिबॉल्ट, राजा, रोमिओ-ज्युलिएट स्वतः, आणि नशीब. एकावर खूण करायची. वीस मिनिटांत मतं मोजून झाली. बावीसपैकी अकरा पाद्रीला पडली.

दाईचं नाव कुठेच नाही. मी हात वर करून विचारलं, सर म्हणाले ती गौण पात्र आहे, नोकर आहे, तिच्या हातात काय होतं. मी म्हटलं सर, तुम्हीच तिसऱ्या रविवारी विचारलंत ना की हिने काय नाही सांगितलं. ह्या लग्नाची माहिती चारच माणसांना होती, ती दोघं, पाद्री आणि दाई, बाल्थझारला धरलं तर पाच. त्यातली पोरगी बोलू शकत नव्हती, पोरगा गावाबाहेर. उरले दोन मोठे. मंगळवारी सकाळी कॅप्युलेट समोर उभा असताना दाईने एक वाक्य म्हटलं असतं की मालक, हिचं लग्न झालंय, पाद्रीबाबांनी लावलंय, तर पॅरिसचा विषय तिथेच संपला असता, कारण चर्चमध्ये लागलेलं लग्न बाप मोडू शकत नाही. बापाने मारलं असतं, घराबाहेर काढलं असतं, दाईला हाकललं असतं, सगळं मान्य. पण औषधाची बाटली आलीच नसती. मंगळवारपर्यंत त्या पोरीकडे घरात एक माणूस होता, तो गेल्यावर ती सुरी घेऊन पाद्रीकडे गेली.

ह्यावर त्या मावशींनी मला उत्तर दिलं ते मी जसंच्या तसं लिहिते कारण ते ऐकण्यासारखं होतं. त्या म्हणाल्या, ताई, तुम्ही कोणाच्या घरी राहून काम केलेलं नाही. मालक तोंडावर ओरडत असतो तेव्हा माणूस आधी बघतो की आजचा दिवस कसा जाईल. तिने पोरीची बाजू घेतली हेच खूप केलं. तिची सगळी जिंदगी त्या घरात गेलीय, बाहेर काढलं तर ती जाणार कुठे, आणि पोरीला तरी कोण बघणार. माझ्याकडे ह्याला तयार उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. मी एवढंच म्हणाले की बरोबर आहे, घाबरली म्हणून गप्प बसली हे मी समजू शकते, पण नंतर खोलीत दोघीच होत्या तेव्हा तरी तिने म्हणायचं होतं की मला भीती वाटतेय, मला सुचत नाहीये. ते न म्हणता तिने त्या पोरीला सांगितलं की तुझं प्रेम विसर. मावशी थोडा वेळ थांबून म्हणाल्या, हां, ते नको होतं बोलायला.

आणि मतमोजणी झाल्यावर, लोक चपला घालायला उठलेले असताना सरांनी सांगितलं की त्या १५६२ च्या ब्रुकच्या कवितेत शेवटी शिक्षा सांगितल्यात, औषधवाल्याला फाशी, पाद्रीला सोडून दिलं आणि तो एकांतात जाऊन पाच वर्षांनी मेला, आणि दाईला म्हातारपणी हद्दपार केलं, का, तर तिने लग्नाची गोष्ट आई-बापापासून लपवली म्हणून. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वीच्या माणसालाही तिचं नाव यादीत घ्यावंसं वाटलं होतं! हे आधी सांगायला हवं होतं ना सर, कागद वाटायच्या आधी. शेक्सपिअरचा राजा फक्त म्हणतो काहींना माफी मिळेल काहींना शिक्षा, कोणाला काय ते सांगत नाही. शेवटच्या प्रवेशात दाई रंगमंचावर नाहीच, फक्त पाद्री आपल्या जबाबात एक ओळ म्हणतो की ह्या लग्नाची तिच्या दाईला माहिती आहे. राजा त्यावर तिला बोलावतसुद्धा नाही. मला तिला शिक्षा नकोय, हद्दपारी तर नकोच, तिची दोन लेकरं गेली, एक सुसान आणि एक ही. पण कागदावर तिचं नाव हवं होतं. मी पेनने सातवी ओळ काढून ते लिहिलं आणि खूण केली, माझं मत बाद धरलं गेलं.

बाकी मार्क द्यायचे तर पाचपैकी चार, एक झेरॉक्ससाठी आणि त्या घाईच्या खटल्यासाठी कापला. सर स्वतः मूळ उतारा वाचतात तसा वाचणारा माणूस मला बडोद्यात दुसरा भेटलेला नाही. मुलांना नेणार असाल तर एक सांगते, चौथा आणि पाचवा अंक आत्महत्येभोवतीच आहे, सर ते नीट हाताळतात, मधे थांबून मुलांशी बोलतात, पण घरी आल्यावर आपणही बोलावं लागतं. आम्ही त्या रात्री बरंच बोललो. लेकीने मला विचारलं की मी तुला काही सांगितलं तर तू बाबांना सांगशील की नाही, आणि मी म्हटलं ते तुला विचारून ठरवीन, पण तुला विसर असं कधी म्हणणार नाही.

पुढची बॅच पावसाळा संपल्यावर आहे, नाटक तेच. मागच्या आठवड्यात सरांचा फोन आला होता, हँडआऊट आता टाईप करून घेतायत, सगळी पानं मी एकदा तपासून देईन का विचारत होते. मी हो म्हटलंय. आणि यादीत सात नावं करणार आहेत म्हणाले.